मैदानाखालचं पाणी

(महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण संचालकांसमोर एका निवृत्त विद्यापीठ अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मी खेळाडू नाही, हे आधीच सांगून टाकतो. खो-खोत पहिल्याच मिनिटाला बाद होऊन कडेला बसणारा एक मुलगा प्रत्येक वर्गात असतो, तो मी. पुढे स्थापत्य शिकलो आणि तीसेक वर्षं एका विद्यापीठाच्या स्थावर विभागात काढली. कुठल्या, ते विचारू नका. जे सांगणार आहे त्यात आमची फजितीच जास्त आहे. तुमचं काम मुलांना पळवण्याचं, माझं पाण्याला पळवण्याचं. एवढाच आपला संबंध.

निमंत्रणपत्रिकेवर ‘क्रीडा सुविधांचे अद्ययावतीकरण’ असा विषय छापला आहे. मी त्यातलं पाणी तेवढं बोलणार आहे. कारण आमच्याकडे जे जे नवं बांधलं, ते खेळून झिजलं असं फारसं झालं नाही. ते पाण्याने गेलं.

जुलैतली एक सकाळ सांगतो. आमचा सिंथेटिक ट्रॅक जेमतेम महिन्याभराचा होता. रात्रभर पाऊस झाला होता. सहा-सव्वासहाला मैदानावरच्या माळीकाकांचा फोन आला, “साहेब, ट्रॅकला फोड आलाय.” मला वाटलं, काहीतरी आपटून कोपरा उखडला असेल. जाऊन बघतो तर दोनशे मीटरच्या वळणावर, तिसऱ्या-चौथ्या लेनमध्ये, ट्रॅक पुरीसारखा फुगलेला. बूट ठेवला की दबायचा, काढला की पुन्हा वर. मुलं रांग लावून त्याच्यावर उड्या मारत होती. काकांनी खिशातून दाभण काढलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि टोचलं. बारीक धार उडाली, माझ्या पँटवर. काका म्हणाले, “हितनं वड्याची वाट हाय. म्या तवाच म्हनलो व्हतो.”

खरंच म्हणाले होते. विद्यापीठाला जमीन मिळण्याआधी त्या कोपऱ्यातून ओढा जायचा, गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. आमच्या नकाशात नव्हता. आता यात चूक कुणाची? सगळे ठेकेदाराचं नाव घेतात. मी माझं घेतो. आपल्याकडची काळी माती तुम्हाला माहीत आहे. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर काहीही बांधायचं तर ती काढावी लागते, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, मग मुरुमाचे थर, पाणी मारून दबाई, खडी, डांबराचे दोन थर, आणि सगळ्यात वर ते लाल रबरासारखं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. इस्टिमेटमध्ये खोदाई एक मीटर धरली होती. बाकी सगळीकडे मुरूम त्याच्या आत लागला. त्या कोपऱ्यात मीटरभर गेलो तरी काळीच माती. आणखी खोदायचं म्हणजे जादा कामाची मंजुरी, म्हणजे फाइल, म्हणजे दोन महिने. निधी आलेला मार्चअखेरीस, लवकर खर्च दाखवा नाहीतर परत करा. तेवढा कोपरा तसाच भरला. झालेलं काम मोजून लिहितात त्या मेजरमेंट बुकात सही माझी आहे.

दुसरी चूक घाईची. पीयू टाकायचं ते कोरड्या डांबरावर. आमचं डांबर झालं मेच्या अखेरीस, आणि पीयूची मशीन आली तेव्हा रोहिण्या संपत आल्या होत्या. हवेत दमटपणा, डांबरात दमटपणा, खालून ओढ्याचं पाणी. वरून आपण रबराचं झाकण बसवलं. वाफ जाणार कुठे?

याच्यावर एक साधा उपाय आहे आणि तो कुठलाच विभाग करू देत नाही: डांबरावर एक पावसाळा जाऊ द्या. उघडं राहू द्या. कुठे डबकं साचतं, कुठे पाझरतं, कुठे खचतं, ते पाऊस फुकटात दाखवतो. दिवाळीनंतर दुरुस्त करा, मग लाल थर टाका. पण डांबरावर उद्घाटन होत नाही. लाल ट्रॅकचं होतं.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्या पाण्याचं. जरा हिशोब करू. प्रमाणित ट्रॅकची सरळ बाजू ८४.३९ मीटर, आतल्या कडेची त्रिज्या ३६.५० मीटर. पहिल्या लेनचं माप त्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर धरतात, तेव्हा बरोबर ४०० मीटर भरतात. एक लेन १.२२ मीटर, आठ लेनचे ९.७६. म्हणजे सगळा पट्टा जवळजवळ ४,२०० चौरस मीटर. एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस पडला तर नुसत्या ट्रॅकवर दोन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. मधल्या गवताचं यात धरलेलं नाही. आणि ते वाहून न्यायला नियमाने उतार किती देता येतो? आतल्या बाजूला शंभरात एक, त्याहून जास्त नाही. आठ लेनमध्ये मिळून पाउणेदहा सेंटिमीटर. पळण्याच्या दिशेने तर हजारात एकच, कारण उतारावर पळून कुणी विक्रम करू नये. एवढ्या चिमूटभर उतारावर दोन लाख लिटर पाणी कडेच्या गटारात न्यायचं असतं. डंपी, म्हणजे उंचसखल मोजायची दुर्बीण, लावणाऱ्या पोराचा हात जरा हलला की डबकं झालंच. तपासणी सोपी आहे: पूर्ण ट्रॅक ओला करा, वीस मिनिटं थांबा, मग बघा पाणी कुठे उभं आहे. बिल पास करण्याआधी करा. नंतर केली तर नुसता फोटो मिळतो.

जुने शिक्षक मला म्हणायचे, “कशाला हे लाल खूळ, आम्ही मातीवरच पळालो.” त्यांचंही पटतं मला थोडं. पण १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून धावणं सिंथेटिकवर गेलं, १९७६ ला माँट्रियलला हॉकी कृत्रिम गवतावर गेली, आणि आपली हॉकी त्या वर्षी सातवी आली. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा लाल मातीतला हा गडी मॅटवर उतरला. सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य. पुणे विद्यापीठाच्या क्रीडा संकुलाला आज त्यांचं नाव आहे, आणि ते शोभतंही. तेव्हा ज्याच्यावर स्पर्धा त्याच्यावर सराव, हे मला मान्य आहे. (आमच्या कुस्तीच्या हॉलमध्येही मॅट आली होती, चांगली १२ बाय १२ मीटरची. पत्रा गळायचा, म्हणून पावसाळाभर ती गुंडाळून कोपऱ्यात उभी. मुलं मातीतच खेळली. असो.)

आता पाणी नको तिथे येतं हे झालं. हवं तिथे नसतं, ते ऐका.

हॉकीचं टर्फ घ्यायचं का, अशी बैठक आमच्याकडे झाली. ९१.४० बाय ५५ मीटरचं मैदान. पाण्यावर चालणारं टर्फ असेल तर सामन्याआधी भिजवावं लागतं, मध्यंतरात पुन्हा. दर वेळी हजारो लिटर, आणि तेही स्वच्छ. सांडपाणी शुद्ध करून लॉनला घालता येतं, टर्फला तसं चालत नाही. मुलं त्याच्यावर पडतात, घासतात, जखमा होतात. बैठकीत एकाने जलतरण तलावाचाही प्रस्ताव काढला. ५० बाय २५ मीटर, खोली २ मीटर. मी तिथेच पेन्सिलने गुणाकार केला: २५ लाख लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तिच्यात पाच लाख लिटर होतं. तशा पाच गाड्या एका तलावात. त्याच महिन्यात पाणीटंचाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले होते. तलावाचं पाणी रोज बदलत नाहीत, गाळून फिरवतात, हे मलाही ठाऊक आहे. पण बाष्प होऊन जातं ते जातंच, फिल्टर धुतानाही जातं. दुष्काळी वर्षात पहिला बंद होतो तो तलाव, आणि महिनोन्‌महिने रिकाम्या तलावाच्या फरश्या उन्हाने सुटतात. मी विरोध केला. त्या वेळी मला ‘खेळद्वेष्टा’ म्हणाले. अजूनही विरोधच करीन, निदान जिथे वसतिगृहाला टँकर येतो तिथे तरी.

पाण्याचा तिसरा प्रकार मला एका मुलीने शिकवला. खो-खोची होती, विद्यापीठाच्या संघातली. मी त्या फोडाच्या दुरुस्तीसाठी रोज चारला मैदानावर जायचो. तिची बाटली माझ्या खुर्चीशेजारी ठेवलेली असायची, लिटरची, निळी. चार वाजता भरलेली, साडेसहाला घरी जाताना तेवढीच भरलेली. उन्हाळ्याचे दिवस. मी म्हटलं, “अगं, पाणी का पीत नाहीस?” ती आधी हसली. मग म्हणाली, “सर, प्यायलं तर जायचं कुठे?”

मैदानापासून सगळ्यात जवळचं मुलींचं स्वच्छतागृह ग्रंथालयाच्या इमारतीत होतं, आणि तिथला रखवालदार पाचला कुलूप लावायचा. सराव चार ते साडेसहा. ट्रॅकचं इस्टिमेट मी स्वतः केलं होतं. प्रेक्षकांसाठी गॅलरी होती, व्हीआयपी कक्ष होता, ध्वजस्तंभ तर तीन होते. मैदानाला लागून स्वच्छतागृह नव्हतं, कारण ‘आवारात उपलब्ध’ असा शेरा मारून ते मी वगळलं होतं. आवारात. तेवढी वगळलेली ओळ परत घालायला पुढे दोन वर्षं गेली. सहा शौचालयं, कपडे बदलायची खोली, बाहेर दिवा. ट्रॅकच्या खर्चापुढे ती रक्कम एवढीशी होती की लेखा विभागाने पुन्हा फोन करून विचारलं, शून्य राहिलं का म्हणून. मुलींची संख्या वाढली की नाही ते तुमच्या विभागाला विचारा. मी बाटल्या बघायचो. त्या रिकाम्या जायला लागल्या.

तुमच्यातल्या कुणी स्टीपलचेस शिकवता का? एक… दोन हात. बरं. ३,००० मीटरच्या शर्यतीत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. आपला अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा. बारावी करून सैन्यात गेला, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. तो घडला तो सैन्यातल्या सरावात. मी कामानिमित्त जेवढे ट्रॅक पाहिले, त्यांतल्या बहुतेकांवर त्या पाण्याच्या खड्ड्यात पाणी नव्हतं. एकात पालापाचोळा, एकात मोडलेले हर्डल, एकात कुत्रीने पिल्लं घातलेली. नकाशात खड्डा असतो म्हणून तो बांधतात. त्याला नळ जोडायचा आणि खालून निचऱ्याचं तोंड ठेवायचं राहून जातं. आमचंही राहिलं होतं. पाणी भरायला टँकर आणि काढायला बादल्या! मुलांनी दोनदा केलं, तिसऱ्यांदा नाही केलं.

तर त्या फोडाचं काय झालं, ते राहिलंच. चाळीस मीटरचा पट्टा कापून काढला. काळी माती पुरती उपसली, अडीच मीटरला मुरूम लागला. ट्रॅकच्या बाहेरून, ओढा जिकडून यायचा त्या अंगाला, खोल चर मारला. त्यात छिद्रं पाडलेला पाइप, भोवती खडी, खडीला जाळीदार कापडाचं वेष्टन, आणि पाइप नेऊन सोडला विहिरीत. जागा काकांनी दाखवली. डंपीवाल्याने त्यांची जागा आणि आमचा नकाशा ताडून बघितला आणि काही बोलला नाही. त्या कोपऱ्यात पुढे फोड आला नाही. विहिरीला मात्र उन्हाळ्यात दोन हात पाणी जास्त राहायला लागलं, ते लॉनला पुरतं.

आयोजकांची चिठ्ठी आली, वेळ संपली. दुसरी चिठ्ठी श्रोत्यांतून आहे, वाचतो: ‘तो पाइप दर वर्षी साफ करावा लागत असेल. त्याला पैसे कुठून?’

चांगला प्रश्न आहे. अनुदान बांधायला मिळतं. देखभाल संस्थेने करायची असं करारात लिहिलेलं असतं, आणि संस्थेच्या अंदाजपत्रकात क्रीडा विभागाच्या नावापुढे टी-शर्ट, प्रवासभत्ता, चषक, पंचांचं मानधन एवढंच असतं. पाइप धुण्याला लेखाशीर्ष नाही. लेखाधिकाऱ्यांशी भांडून बघितलं. शेवटी काकांनाच विचारलं. ते कागदोपत्री उद्यान विभागाचे. तेव्हापासून दर मे महिन्यात तो पाइप साफ होतो, आणि खर्च पडतो ‘गुलाबाच्या वाफ्यांची निगा’ या नावाखाली. ऑडिटवाल्यांनी एकदा गुलाब बघायला मागितले होते. काकांनी चार कुंड्या आणून ठेवल्या.