झेरॉक्स की चावी?

[दृश्य : दादर पश्चिम, सकाळ. फुलबाजाराची गर्दी. झेरॉक्सचं दुकान आणि त्याच्या पायरीशी बसलेला चावीवाला.]

दादरला पश्चिमेकडे उतरलं की आधी झेंडूचा वास येतो. हाऱ्या-टोपल्यांतून वाट काढत थोडं पुढे गेलं की झेरॉक्सचं दुकान, आणि त्याच्या पायरीला टेकून बसलेला चावीवाला.

झेरॉक्सवाल्याला तुम्ही रेशनकार्ड देता. तो प्रत काढतो आणि मूळ कार्ड तुमच्या हातात परत ठेवतो. त्या प्रतीवर कुणी काही खरडलं, चहा सांडला, ती फाडून टाकली, तरी घरच्या कार्डाला काही होत नाही. चावीवाल्याचं काम वेगळं. त्याने घासून दिलेली चावी तुम्ही बहिणीला दिलीत, की ती त्याच दारातून त्याच खोलीत शिरते. तिने खिडकीजवळचं कपाट हलवलं, तर संध्याकाळी तुम्हाला ते हललेलंच दिसणार. चाव्या दोन झाल्या, खोली एकच आहे.

प्रोग्रामिंग शिकताना ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त रडवलं, ती या दोघांमधल्या दोन हातांच्या अंतरात मावते.

[दृश्य : रात्र. लॅपटॉपचा पडदा. मजकूर देवनागरीत.]

मी लोकलचे थांबे छापणारा एक छोटा प्रोग्राम लिहीत होतो, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत ठेवता येतात, म्हणून यादीला नाव दिलं 'थांबे'. सीएसएमटी, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर. एकूण ८. मग 'फास्ट' नावाचं फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, लिहिलं. त्याला यादी द्यायची आणि त्याने मधलं फक्त भायखळा ठेवून बाकीची स्टेशनं काढून टाकायची. फास्ट लोकल बरोबर छापली गेली : सीएसएमटी, भायखळा, दादर. तिच्याखाली स्लो लोकल छापली. तीही सीएसएमटी, भायखळा, दादर.

चिंचपोकळी गेलं, करी रोड गेलं. मग लालबागच्या माणसाने उतरायचं कुठे? स्लो लोकलच्या यादीला तर मी हातसुद्धा लावला नव्हता. निदान तसं मला वाटत होतं.

[दृश्य : फोर्ट्रानच्या काळातली पंचकार्डं.]

फंक्शनला आपण काहीतरी देतो, तेव्हा नेमकं काय देतो? प्रत, की मूळ वस्तूपर्यंतची वाट? हा प्रश्न फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेइतका जुना आहे. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये १९५७ साली फोर्ट्रान आणलं. १९५८ च्या फोर्ट्रान २ मध्ये स्वतःची सबरूटीन, म्हणजे फंक्शनसारखाच तुकडा, लिहायची सोय झाली, आणि तिला मेमरीतल्या जागेचा पत्ता दिला जाई. म्हणजे चावीच. यातून एक विलक्षण चूक घडायची. समजा, तुम्ही सबरूटीनला थेट ४ हा आकडा दिलात आणि आत तिने त्यात १ मिळवला. ४ हा आकडा मेमरीत कुठेतरी ठेवलेला असतो. त्या जागी आता ५ बसले. त्यानंतर प्रोग्राममध्ये जिथे जिथे तुम्ही ४ लिहिलं आहे, तिथे तिथे यंत्र ५ वाचणार. कागदावर ४ आणि यंत्रात ५! जुन्या कंपायलरांवर (कंपायलर म्हणजे आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) हे खरोखर व्हायचं. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं, तेव्हा तिथेही फोर्ट्रानचाच काळ होता.

अल्गॉल ६० या भाषेत प्रत देता येई, पण त्याने आणखी एक वाट काढली. प्रतही नाही, चावीही नाही, नुसते शब्द पाठवायचे. 'यादीतली आय क्रमांकाची जागा' (आय म्हणजे बदलू शकणारा एक आकडा) हे शब्द जसेच्या तसे आत जात आणि दर वेळी नव्याने वाचले जात. मध्येच आय बदलला, की तेच शब्द दुसऱ्याच जागेकडे बोट दाखवू लागत. त्यामुळे दोन किमतींची अदलाबदल करणारं चार ओळींचं फंक्शनसुद्धा आय आणि यादीतली आय क्रमांकाची जागा यांच्यावर चालवलं की फसायचं. कल्पना बुद्धिमान होती, पण रोजच्या कामाला ती झेपणारी नव्हती.

मग सी भाषा आली. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही भाषा घडवली आणि नियम सरळ केला : फंक्शनला नेहमी प्रतच मिळेल. चावी द्यायची असेल, तर पत्ता तुम्ही स्वतः लिहून द्यायचा. पहिल्या वर्षाची मुलं 'स्कॅनएफ' हे बाहेरून आकडा वाचून घेणारं फंक्शन लिहिताना व्हेरिएबलच्या, म्हणजे आकडा ठेवायच्या खोलीच्या नावाच्या, आधीचं 'अँड'चं चिन्ह विसरतात, त्याचं मूळ इथे आहे. स्कॅनएफला तुमच्या खोलीत आकडा नेऊन ठेवायचा असतो. खोलीचा पत्ताच दिला नाही, तर ठेवणार कुठे? मी वर्गात हे पाठ करायला सांगत नाही. एकदा पत्त्याचं कळलं की ते चिन्ह आपोआप हाताखालून येतं.

पण मग नेहमी झेरॉक्सच का काढू नये? वजनामुळे. १ कोटी आकड्यांची यादी घ्या. एका आकड्याला ४ बाइट धरले, तर ४ कोटी बाइट झाले. दर वेळी फंक्शनला हाक मारताना एवढी प्रत काढायची? त्याच यादीची चावी आजच्या ६४ बिटच्या यंत्रावर ८ बाइटची असते. म्हणूनच सीमध्येही अॅरेचं, म्हणजे ओळीने ठेवलेल्या घरांच्या यादीचं, नाव फंक्शनला दिलं, की अख्खी अॅरे जात नाही, तिच्या पहिल्या घराचा पत्ता जातो.

[दृश्य : संध्याकाळचा क्लास. फळ्यावर दोन चाव्या आणि एक खोली.]

सगळ्यात मोठा घोळ १९९५ साली आलेल्या जावा या भाषेने घातला. यात जावाचा दोष नाही, आपण प्रश्नच अर्धवट विचारतो. दर बॅचमध्ये कुणीतरी म्हणतंच, "सर, जावामध्ये ऑब्जेक्ट रेफरन्सने जातं." ऑब्जेक्ट म्हणजे सामानासकट खोली, आणि रेफरन्सने म्हणजे तुमच्या हातातली मूळ चावीच. मी म्हणतो, "अगं, मग दोन ऑब्जेक्टची अदलाबदल करणारं फंक्शन लिहून दाखव." ती लिहिते. आत अदलाबदल होते, बाहेर सगळं जिथल्या तिथे. वर्ग गप्प होतो, आणि मला तो क्षण फार आवडतो.

घडतं काय, तर जावा चावीची डुप्लिकेट काढून देते. प्रत निघते खरी, पण ती चावीची. फंक्शनने आपली डुप्लिकेट टाकून दुसऱ्याच खोलीची चावी हातात घेतली, तर तुमच्या खिशातली चावी काही बदलत नाही. म्हणून अदलाबदल बाहेर दिसत नाही. पण त्याच डुप्लिकेटने दार उघडून त्याने कपाट हलवलं, तर ते हललंच. 'प्रत की रेफरन्स?' एवढं विचारून भागत नाही. कशाची प्रत, तेही विचारावं लागतं.

एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९७० च्या दशकात क्लू ही भाषा केली, तेव्हा या पद्धतीला नाव मिळालं : कॉल बाय शेअरिंग. आपल्याकडे सामाईक म्हणतात ना, तसं. चाळीतली गॅलरी सामाईक असते. एकाने तिथे पिंप ठेवलं की सगळ्यांना वळसा घालून जावं लागतं. लिस्कोव्ह यांना पुढे २००८ चं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला मोठा सन्मान, मिळालं. पायथनही याच वाटेने चालतं.

यात आणखी एक चकवा आहे. पायथनमध्ये आकडा किंवा शब्द फंक्शनला दिला, तर मूळ कधीच बदललेलं दिसत नाही, आणि मुलं समजतात की इथे झेरॉक्स निघाली. तसं नसतं. चावीच जाते, पण आतला कागद लॅमिनेट केलेला असतो. त्यावर लिहिताच येत नाही, नवा कागद घ्यावा लागतो. यादी मात्र लॅमिनेट केलेली नसते.

नंतरच्या भाषांनी चावीवरच अटी घातल्या. सी++ मध्ये 'बघा, पण हात लावू नका' अशी चावी देता येते. रस्ट या भाषेची पहिली पक्की आवृत्ती २०१५ ची. तिचा कंपायलर सांगतो : नुसतं बघणारे कितीही असू देत, पण एकजण सामान हलवत असेल, तर त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नको. मला ही अट मनापासून पटते.

[दृश्य : पुन्हा लॅपटॉप. पहाट.]

तर माझे थांबे. 'फास्ट'च्या हातात यादीची चावी गेली होती, आणि त्याने मूळ खोलीतूनच चिंचपोकळी उचलून बाहेर टाकलं होतं. मी यादीची प्रत काढून ती दिली. आठही स्टेशनं परत आली.

मग मी प्रत्येक थांब्यापाशी सीएसएमटीपासूनची मिनिटं लिहिली. प्रत्येक थांबा आता स्वतःच एक छोटी यादी झाला : नाव आणि मिनिटं. फास्ट लोकलसाठी दादरची मिनिटं कमी केली, आणि स्लो लोकलही दादरला लवकर पोचू लागली. प्रत काढूनसुद्धा!

मी प्रत काढली होती ती चाव्यांच्या जुडग्याची. कडी नवी, पण तिच्यात अडकवलेल्या सगळ्या चाव्या जुन्याच खोल्यांच्या. पायथनमध्ये 'डीपकॉपी' नावाचं फंक्शन आहे. ते जुडग्यावर थांबत नाही, एकेक दार उघडून आत जातं आणि खोल्याही नव्या बांधतं. त्याला वेळ लागतो, जागाही लागते. ८ थांब्यांसाठी ती किंमत मी आनंदाने मोजली.

[दृश्य : चिंचपोकळी स्टेशन. स्लो लोकल फलाटाला लागते. पडद्यावर यादी उमटत जाते.]

सीएसएमटी, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. चिंचपोकळी. करी रोड, परळ, दादर.