पावसाळा, घाम आणि एन९५

सिस्टर मंडळी, तुम्ही चिठ्ठ्यांवर लिहून दिलेले प्रश्न वाचले. निम्म्यांचा सूर एकच: टीबी वॉर्डात जुलैची ड्युटी, दोन तासांत मास्क आतून ओलसर, मग तो जंतू अडवतो की नुसता तोंडावर असतो? उत्तर आधीच देऊन टाकतो. दमट हवेने गाळणी सहसा बिघडत नाही. बिघडवतो आपण, तेही स्वच्छतेच्या नादात.

हा नवा मास्क कापतो. बाहेरचं नि आतलं कापड नुसतं आधाराला. मधला हा मऊ, चिमटीत धरून ओढला तरी फाटणारा पांढरा थर, मेल्टब्लोन पॉलिप्रॉपिलीन म्हणजे प्लॅस्टिक वितळवून काढलेले बारीक तंतू, ही खरी गाळणी. बारीक भोकांमुळे कण अडतात असं आपल्याला वाटतं. भोकं तर कणांपेक्षा कितीतरी मोठी आहेत, म्हणून तर श्वास घेता येतो. तंतूंवर टिकाऊ विद्युतभार बसवलेला असतो, तो जवळून जाणारा कण ओढून घेतो. असा भार बसवण्याच्या तंत्रावर टेनेसी विद्यापीठात पीटर त्साई यांनी मोठं काम केलं.

आता दमटपणा. अमेरिकेत नायॉश ही संस्था एन९५ला मान्यता देते. तिच्या चाचणीत मास्क आधी सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमानात आणि ८५ टक्के आर्द्रतेत २५ तास ठेवतात. मग त्यातून मिनिटाला ८५ लिटर हवा आणि मिठाचे सूक्ष्म कण सोडतात. किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत. म्हणजे मुंबईचा जुलै त्या बिचाऱ्याने परीक्षेला बसण्याआधीच भोगलेला असतो.

इकडे बघा. मधल्या थरावर पाण्याचा थेंब टाकला. अळवावर राहावा तसा वर बसलाय, हलवला की घरंगळतो. पॉलिप्रॉपिलीनला पाणी आत घेणं जमत नाही, त्यामुळे तुमच्या श्वासातली वाफ भारापर्यंत सहजी पोचत नाही. आता शेजारी स्पिरिटचा थेंब. बघा, टाकल्याबरोबर जिरला. तो तंतूतंतूला भिडला आणि भार घेऊन गेला. वाईट भाग पुढेच आहे. वाळल्यावर हा मास्क दिसायला तसाच, श्वासही तितकाच सोपा. बिघाड कळायला वॉर्डात काहीच मार्ग नाही. साबणाच्या पाण्याचंही तेच. सॅनिटायझर फवारून मास्क खिडकीत वाळत घालणाऱ्या, हात वर करू नका, मला माहीत आहे!

ओलसरपणा अगदीच निरुपद्रवी आहे असंही नाही. मास्क घामाने किंवा पावसाने चिंब झाला की थरांत पाणी साचतं, श्वास जड होतो. हवा मग सोपी वाट शोधते, नाकाच्या कडेने. तसा मास्क बदलायचाच. धुळीचंही असंच. दगडखाणीत गाळणी भरत जाते, दम लागायला लागतो. वॉर्डात इतकी धूळ नसते, त्यामुळे ती चिंता इथे गौण.

इथे आधी जातात ते पट्टे. सारखा काढा-घाला केला की इलास्टिक सैल पडतं, नाकावरची पट्टी वाकून वाकून पकड सोडते. गाळणी शाबूत आणि फट बोटभर, हे चित्र मी सगळ्यात जास्त पाहतो. म्हणून एकदा घातलेला मास्क तसाच तासन्‌तास ठेवणं हे दहा वेळा काढून घालण्यापेक्षा बरं. तुटवड्याच्या काळात अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने, उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर, एक मास्क जास्तीत जास्त ५ वेळा चढवा असं सांगितलं होतं.

शेवटची चिठ्ठी: 'किती दिवस वापरू?' ताई, दिवस मोजू नका, चढवणं मोजा. आणि दर वेळी दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर पट्टी पुन्हा दाबा. तरीही लागला तर मास्क टाका. ठेवायचा असेल तर कागदी पिशवीत, प्लॅस्टिकच्या डब्यात नव्हे, तिथे तो वाळत नाही. पिशवीवर नाव लिहा. चेंजिंग रूममध्ये खिळ्याला लटकलेल्या पाच पिशव्या सारख्याच दिसतात.