डोस कुठं लिहिलाय?

नमस्कार श्रोतेहो. पंधरा दिवसांपूर्वी माझी भाची दोन मोठी खोकी घेऊन घरी आली. आत एलईडी मास्क, म्हणजे चेहऱ्यावर चढवायचे, आतल्या बारीक दिव्यांनी कातडीवर प्रकाश टाकणारे मुखवटे. “मावशी, एक ठेवायचा, एक परत पाठवायचा. कोणता ते तू सांग.” पहिला कडक प्लॅस्टिकचा, सात रंगांचा. तो चढवून ती आरशासमोर उभी राहिली, तर थेट बोहाड्यातलं सोंग! दुसरा मऊ सिलिकॉनचा. त्यात फक्त लाल आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड.

सात रंगांना भुलू नका. अभ्यास झालाय तो मुख्यतः तिघांवर. साधारण ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा मुरुमांच्या जंतूंवर चालतो. जंतूंमधलं पॉर्फिरिन नावाचं द्रव्य हा प्रकाश शोषतं आणि तेच त्यांच्या मुळावर येतं. ६३० च्या आसपासचा लाल आणि ८३० चा इन्फ्रारेड त्याहून खोल जातात, कोलॅजेनला, म्हणजे कातडी घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाला, चालना देतात. बारीक सुरकुत्या थोड्या कमी होतात, वय नाही. बाकीचे रंग दिवाळीच्या माळेत शोभतात.

आमचे मेहुणे पिंपळगावचे द्राक्ष बागायतदार. चहा पिता पिता त्यांनी खोकं उलटंसुलटं केलं आणि विचारलं, “डोस कुठं लिहिलाय?” लिटरला किती ग्रॅम, हे पाहिल्याशिवाय फवारणीचा पंप सुरू न करणारा माणूस! प्रश्न अगदी नेमका होता. दिव्यांची संख्या खोक्यावर ठळक असते. बघायचं असतं ते चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट, म्हणजे प्रकाशाची ताकद. ३० मिलिवॅटचा मास्क १० मिनिटं लावला की तिथे १८ जूल ऊर्जा पोचते. ५ मिलिवॅटच्या मास्कला तेवढ्यासाठी अख्खा तास लागतो. सातरंगी खोक्यावर हा आकडाच नव्हता. शिवाय तो नाकावर टेकायचा आणि गालांपासून बोटभर लांब राहायचा. लांबून प्रकाश पसरतो, कातडीला कमी मिळतो.

वांग असलेल्या बायकांनी मात्र निळ्याच्या वाटेला जाऊ नये. आपल्या सावळ्या कातडीवर तो डाग आणखी गडद करू शकतो. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, फिट येत असतील, ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार असेल, तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. आणि डोळे झाका. २०१९ मध्ये एका नावाजलेल्या कंपनीने डोळ्यांच्या काळजीपोटीच आपला मास्क बाजारातून मागे घेतला होता.

सातरंगी सोंग दुसऱ्याच दिवशी परत गेलं. मेहुण्यांनी जाता जाता भाचीला टोमणा मारलाच, “आम्ही घडांना पेपर बांधतो ऊन लागू नये म्हणून, आणि तू भर दुपारी उघड्या तोंडानं गंगापूर रोडला गाडी पळवतेस.” आता ती आठवड्यातून चारदा मास्क लावते, आणि सनस्क्रीन लावून, स्कार्फ बांधूनच बाहेर पडते. रोज फोटो काढून मला विचारते, “मावशी, फरक दिसतो का गं?” मी म्हणते, अजून अडीच महिन्यांनी विचार.