मासात्लान : किनाऱ्यावरचा बँड

(दृश्य : भरदुपारचा किनारा. झावळ्यांच्या छपऱ्या. वाळूतून चालत येणारा ताफा.)

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, सिनालोआ राज्यात, मासात्लान हे बंदर आहे. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत त्याची ओळख समुद्रालगतचा लांबलचक रस्ता, कोळंबी आणि सूर्यास्त एवढ्यावर संपते. आपण मात्र एकसारखे शर्ट घालून, अंगावर पितळी वाद्ये वागवत, एका छपरीतून दुसऱ्या छपरीत जाणाऱ्या या मंडळींच्या मागे जाणार आहोत, कारण या शहराची कला आधी इथे, वाळूवर, ऐकायला मिळते.

लग्नाच्या वरातीतला आपला ब्रास बँड ज्यांनी ऐकला आहे, त्यांना यातील बरीच वाद्ये ओळखीची वाटतील. त्यांची कामांची वाटणी मात्र वेगळी आहे. पूर्ण बँड साधारण चौदा ते अठरा वादकांचा असतो, किनाऱ्यावर फिरणारे ताफे पुष्कळदा त्याहून लहान असतात. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट चाल वाटून घेतात. ट्रॉम्बोन इथे सरकत्या नळीचे नसून कळांचे असतात, त्यामुळे जलद तुकडे त्यांनाही नेमके उचलता येतात. चार्चेता नावाचे लहानसे शिंग ठोक्यांच्या मधल्या जागा भरत राहते. ते एकटे ऐकले तर कंटाळवाणे वाटेल, पण ते थांबले की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. खांद्यावरून वेढा घेतलेला हा सूसाफोन तळाचा सूर धरतो. आणि ज्याच्या नावाने जुने लोक आजही साऱ्या बँडला ओळखतात, तो हा ताम्बोरा : दोन्ही तोंडे मढवलेला मोठा ढोल, ज्याच्या माथ्यावर एक झांज बसवलेली असते, आणि वादक एका हाताने टोला देत असताना दुसऱ्या हातातली झांज वरच्या झांजेवर आपटतो.

(दृश्य : ट्रम्पेटवाला ताफ्यापासून दूर, पाण्याच्या दिशेने चालत जातो.)

हा वादक रुसून निघालेला नाही. ‘एल निन्यो पेर्दिदो’, म्हणजे ‘हरवलेला मुलगा’, ही रचना अशीच वाजवतात. एक ट्रम्पेट दूर जाऊन साद घालतो, बँड त्याला उत्तर देतो, आणि प्रत्येक सवाल-जवाबाबरोबर हरवलेला ट्रम्पेट थोडा थोडा जवळ येत जातो. सभागृहात यासाठी वादकाला पडद्यामागे किंवा सज्जात उभे करतात. इथे त्याला अख्खा किनारा मोकळा आहे.

पितळी वाद्ये जर्मनांनी आणली, असे या भागात सर्रास सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकात मासात्लानमध्ये जर्मन व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, १९०० साली सुरू झालेला पॅसिफिको बिअरचा कारखानाही जर्मनांनीच उभारला, त्यामुळे ही समजूत पक्की झाली असावी. परंतु त्या शतकात लष्करी वाद्यवृंद मेक्सिकोभर होते, आणि त्यांच्या वळणावर गावोगाव हौशी वाद्यवृंद तयार झाले होते; व्यापाऱ्याने जहाजातून वाद्य उतरवले असेल, पण ते वाजवायचे कसे आणि कशासाठी, हे सिनालोआच्या खेड्यांनी ठरवले. त्यांपैकी एक खेडे म्हणजे मासात्लानच्याच पालिकाक्षेत्रातील एल रेकोदो. तेथील क्रूस लिसारागा याने डुक्कर विकून पहिले क्लॅरिनेट घेतल्याची गोष्ट सांगितली जाते. त्याने १९३८ साली उभा केलेला बँड ‘बांदा एल रेकोदो’ या नावाने आजही वाजतो आहे, आणि ‘सगळ्या बँडांची आई’ हे त्याचे बिरुद इथे कोणी नाकारत नाही. जुने बँड प्रामुख्याने वाद्यांवरच चालत. आघाडीला गायक उभा करण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

शहरातल्या प्रतिष्ठितांना हे संगीत फार काळ चालत नव्हते. सणासुदीला त्यांचे नाच सभागृहात, ऑर्केस्ट्राच्या साथीने होत. ताम्बोरा बाहेर, कष्टकऱ्यांच्या गर्दीत वाजे. ही विभागणी समजून घेण्यासाठी किनारा सोडून जुन्या शहरात यावे लागते.

(दृश्य : आंखेला पेराल्ता नाट्यगृह. रंगमंचावरून दिसणारे, एकावर एक चढत गेलेले सज्जे.)

१८७४ साली उघडलेल्या या नाट्यगृहाचे पहिले नाव रुबियो नाट्यगृह असे होते. १८८३ च्या ऑगस्टमध्ये ऑपेरा गायिका आंखेला पेराल्ता आपल्या संचासह समुद्रमार्गे इथे आली. सोळाव्या-सतराव्या वर्षी मिलानच्या ला स्काला रंगमंचावर गायलेल्या या गायिकेला ‘मेक्सिकोची बुलबुल’ म्हणत. तिच्या गाडीचे घोडे सोडून लोकांनी ती गाडी स्वतः ओढल्याचे सांगतात. बंदरात पीतज्वराची साथ होती. ३० ऑगस्टला, नाट्यगृहाला लागूनच असलेल्या हॉटेलात तिचा मृत्यू झाला आणि तिच्या संचातील बहुतेक जणही त्याच साथीत गेले. पुढे नाट्यगृहाला तिचे नाव मिळाले, तरी वास्तूचे हाल टळले नाहीत : इथे चित्रपट दाखवले गेले, मुष्टियुद्धे झाली, १९७५ च्या ऑलिव्हिया चक्रीवादळाने छप्पर नेले, आणि उघड्या पडलेल्या प्रेक्षागृहात झाडे वाढली. जुन्या शहरातील रहिवाशांनी आणि कलावंतांनी ही वास्तू वाचवण्याचा आग्रह धरला, आणि १९९२ मध्ये ती पुन्हा उघडली. आज नाट्यगृहालगतच्या पालिकेच्या कलाकेंद्रात समकालीन नृत्याची व्यावसायिक शाळा चालते. दगड-लाकडाच्या कलास्थानासाठी शहराने दाखवलेली ही चिकाटी कौतुकाची आहेच. वाळूवरच्या कलेच्या वाट्याला ती तितकीशी आलेली नाही.

(दृश्य : कार्निव्हल. समुद्रकाठच्या रस्त्यावर उभे केलेले राक्षसी पुतळे, चित्ररथ, गर्दी.)

या दोन जगांची गाठ पडते ती कार्निव्हलमध्ये. गोव्यातील कार्निव्हलप्रमाणे हाही ईस्टरपूर्व उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या दिवसांत येतो. पूर्वी या दिवसांत वस्त्यावस्त्यांत पिठाची फेकाफेक होई आणि ती मारामारीवर जाई. १८९८ साली शहरातील मंडळींनी समिती नेमून रीतसर मिरवणूक काढली आणि पिठाच्या जागी रंगीत कागदाचे कपटे आणले. त्यात काव्यस्पर्धा आहे, राणीचा राज्याभिषेक आहे, आणि ‘मल उमोर’ म्हणजे वैतागाचे दहन आहे, ज्यात त्या वर्षी लोकांच्या डोक्यात गेलेल्या एखाद्या माणसाचा पुतळा दारूकामासह पेटवतात. ओलास आल्तासच्या उपसागरावरची आतषबाजी मात्र १८६४ मध्ये फ्रेंच युद्धनौकेला परतवून लावल्याची आठवण म्हणून होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रेंचांनी शहर ताब्यात घेतले, हे अर्थातच आतषबाजीत दाखवत नाहीत. प्रत्येक चित्ररथामागे, प्रत्येक कोपऱ्यावर आता बँड आहे. सभागृहाबाहेर ठेवलेला ताम्बोराच आज या उत्सवाचा आवाज आहे.

(दृश्य : हॉटेलांची रांग, समोर वाळूत वाजणारा ताफा.)

मार्च २०२४ मध्ये, ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाच्या सुमारास, हॉटेलवाल्यांनी किनाऱ्यावरील बँडांच्या आवाजाबद्दल तक्रार केली, वादकांनी वाद्ये वाजवत समुद्रकाठच्या रस्त्यावर मोर्चा काढला, पोलिसांशी झटापट झाली, आणि मग सरसकट मनाईऐवजी वेळेच्या नियमांची बोलणी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून सिनालोआत उसळलेल्या, अमली पदार्थांच्या टोळ्यांमधील युद्धाने रात्रीचे समारंभ घटवले. गाण्यागणिक किंवा तासाच्या बोलीवर दिवसाउजेडी मिळणाऱ्या किनाऱ्यावरच्या कामावर त्यामुळे या वादकांची भिस्त वाढली आहे.