दोन कॉम्प्युटर, मधे फोनची तार

लातूरमधल्या दुरुस्तीच्या दुकानातलं हे टेबल. दोन जुने पेंटियम, दोन्हींवर विंडोज ९८, मागे सिरियल केबलनं जोडलेले मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरची माहिती फोनच्या तारेवरून पाठवणारे डबे. लँडलाइन इथं आता नाही, म्हणून मधे ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या फोन एक्स्चेंजचा, खोका ठेवलाय.

दाळमिल आणि आडतीच्या दुकानांत इथले काका हीच जोडणी करून द्यायचे. उदगीरचा दिवसभराचा हिशेब रात्री लातूरला यायचा. रात्रीच, कारण तेव्हा एसटीडी स्वस्त पडायची. त्याआधी फ्लॉपी एसटी बसनं यायची.

काकांचा हात बघा. कंट्रोल पॅनल, अ‍ॅड-रिमूव्ह प्रोग्राम्स, त्यात कम्युनिकेशन्स, आणि तिथं डायल-अप सर्व्हर. विंडोज ९५ला यासाठी प्लस पॅक हा जोड-संच वेगळा घ्यावा लागायचा. ९८मध्ये हा सर्व्हर सीडीतच आला. 'अलाउ कॉलर अ‍ॅक्सेस'वर टिचकी मारली, की हे मशीन फोन उचलायला तयार. प्रोटोकॉल, म्हणजे दोन मशीनच्या बोलण्याची रीत, म्हणून काका नेटब्युई निवडतात. त्याला मशीनचा आकडी आयपी पत्ता लागत नाही, दोन मशीनची नावं वेगळी असली की भागतं.

आता दुसरं मशीन. 'डायल टोनची वाट बघा' ही खूण काका आधी काढतात. ईपीएबीएक्सचा टोन एक्स्चेंजपेक्षा वेगळा असतो. खूण राहिली तर मोडेम नंबरच लावत नाही. मोडेमच्या भाषेत हा हुकूम एटीएक्स३. हे काका मोडेमच्या पुस्तिकेत बोट ठेवून शिकले, आणि मराठवाड्यातल्या अशा कारागिरांची नोंद ठेवलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

एक्स्टेन्शन २२. डायल.

(मोडेमचा आवाज पूर्ण ऐकू द्यावा.)

सुरुवातीचा तो लांब सूर २१०० हर्ट्झचा, फोन उचलणाऱ्या मोडेमचा. पुढची खरखर म्हणजे दोघांनी वेग ठरवणं. डब्यावर ५६के छापलंय, पण दोन्ही टोकांना साधी (अ‍ॅनालॉग) लाइन असली की ३३.६केच्या, म्हणजे सेकंदाला ३३,६०० बिटांच्या, वर जाता येत नाही. फ्लॉपीभर, म्हणजे १.४४ एमबी, माहितीला त्या वेगानं साधारण सहा मिनिटं.

फोल्डर उघडलं. फाइल निघाली.

पासवर्ड न घालता सोडलेली मशीनंही होती. नंबर ठाऊक असलेला कुणीही आत शिरू शकत होता.

असे मोडेम, पुस्तिका, ड्रायव्हरच्या फ्लॉपी आज किलोवर भंगारात जातायत. तुमच्या माळ्यावर असतील, तर विकण्याआधी जोडणी करणाऱ्याला गाठा, आणि मोबाइलवर का होईना, त्याचं काम चित्रित करून ठेवा.