तेल घातलं, तरी फॅट उतरली

श्रोते बंधू-भगिनींनो, नमस्कार. आज बोलायचंय गाईच्या कोठीपोटाबद्दल, म्हणजे जिथं जंतू चारा आंबवतात त्या पोटाच्या मोठ्या कप्प्याबद्दल. त्यासाठी आधी आमच्या गोठ्यात चला.

आष्ट्याजवळ आमचं गाव. दहा-बारा वर्षांपूर्वी दावणीला एक संकरित जर्सी होती. तिच्या दुधाची फॅट, म्हणजे शंभर भागांतला स्निग्धांश, ४.२ च्या खाली कधी लागली नव्हती. बेंदराच्या सुमाराला कुणीतरी आईला सांगितलं, गाईला तेल घाला, फॅट वाढते. आईनं रोज अर्धा लिटर सोयाबीनचं तेल भरड्यात कालवायला सुरुवात केली. मक्याचा भरडाही वाढवला आणि कडबा महागला म्हणून निम्म्यावर आणला. कडबा महागणार नाही तर काय? जो तो शाळू मोडून ऊस लावतोय.

तर पंधरा दिवसांत फॅट ३ वर आली. दूध संकलन केंद्रावर दूध घेणारा चार माणसांत म्हणाला, "काकी, दुधात पाणी पडतंय." आई काही बोलली नाही. घरी आली आणि किटली न धुताच चुलीपाशी ठेवून दिली. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी आधी पावत्या मागितल्या आणि फॅटच्या शेजारच्या आकड्यावर बोट ठेवलं. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, ८.५, रोज तेवढीच. "पाणी घातलं असतं तर दोन्ही उतरलं असतं. काकी, तुमच्या दुधात पाणी नाही." मग शेण बोटांत चोळून बघितलं. पातळ होतं, मक्याच्या कण्या तशाच बाहेर पडत होत्या. "तेल किती घालता?"

श्रोतेहो, तेल गाईला मिळायच्या आधी कोठीपोटातल्या जंतूंना मिळतं. लक्षात ठेवा, आधी जंतूंना, मग गाईला. सोयाबीन, सरकी, हिरवा चारा यांतली असंतृप्त स्निग्धाम्लं, म्हणजे तेलातले हायड्रोजन कमी असलेले घटक, या जंतूंना बाधतात. म्हणून ते त्यांत हायड्रोजन भरतात आणि शेवटी त्यांचं स्टिअरिक आम्ल करून टाकतात. कारखान्यात तेलाचं वनस्पती तूप करतात, तसंच. पण तेल जास्त आणि वैरण कमी झाली, पोट आंबलं, की हे काम आडवाटेला लागतं. मधेच एक वेगळं स्निग्धाम्ल तयार होतं, ते रक्तातून कासेत जातं आणि तिथं फॅट बनणंच रोखतं. शिवाय दुधातली निम्मी फॅट वैरण आंबून होणाऱ्या आम्लांतून बनते. वैरण तुटली की तीही घटते.

आईनं तेल बंद केलं, कडबा पहिल्यासारखा केला. तिसऱ्या आठवड्यात पावतीवर ४.१ आलं. त्याच चार माणसांत आईनं तो आकडा दूध घेणाऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला.

तेव्हा मोकळं तेल ओतू नका. सगळ्या कोरड्या खाद्यात मिळून स्निग्धांश शंभराला ६-७ च्या वर नको. जास्त दुधाच्या गाईला गरज असेल, तर डॉक्टरांना विचारून बायपास फॅट द्या, ती जंतूंना चुकवून पुढं जाते. आणि फॅट उतरली की पावतीवरची एसएनएफ बघा, मग गव्हाणीत वैरण किती आहे ते बघा. नमस्कार.