झाडीत वारा थांबतो तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो. उन्हाच्या दिवसांत डोंगर चढण्याचा विषय निघाला की 'पाणी किती घ्यायचे?' हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. त्याचे उत्तर मी देणारच आहे. परंतु आज ज्या डोंगराविषयी बोलायचे आहे, त्याची चढण उभी आहे आणि पायवाट रानाने गिळून टाकलेली आहे. अशा ठिकाणी पाण्याच्याही आधी वाऱ्याचा विचार करावा लागतो.

चढताना आपले स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो आणि उरलेल्या सगळ्या ऊर्जेची अंगात उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो अंगावरच वाळावा लागतो. एक लिटर घाम त्वचेवरून उडून गेला, तर आपल्याबरोबर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून ठिबकून मातीत पडला, तर अंगातले पाणी गेले आणि थंडावा काही मिळाला नाही, असा आतबट्ट्याचा व्यवहार होतो. डोक्याएवढ्या गवतात आणि झुडपांच्या गचपणात नेमके हेच घडते, कारण तिथे वारा अडतो आणि पानांतून निघणारे बाष्प कोंडून राहते. डोंगराच्या उघड्या सोंडेवर भर उन्हातही बरा चालणारा माणूस झाडीत शिरल्यावर अर्ध्या तासात गळून जातो, तेव्हा सोबत्यांना त्याचे नवल वाटते. हवामानाच्या बातमीतले तापमान सावलीतले आणि मोकळ्या हवेतले असते, हे त्यांच्या ध्यानात आलेले नसते.

दुसरी फसगत वेळेची. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा सांगितला, तो आजही वापरला जातो: दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास, म्हणजे ढोबळ मानाने पाच किलोमीटरला एक आणि सहाशे मीटर उंचीला एक. हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि मळलेल्या वाटेचा आहे. एकदा आम्ही तिघे तीन किलोमीटरच्या आणि सहाशे मीटर चढाच्या वाटेला लागलो, तेव्हा याच हिशेबाने मी सुमारे एक तास पस्तीस मिनिटे धरली होती आणि तेवढ्या भरवशावर सकाळी नऊ वाजता निघण्याचा आळस केला होता. प्रत्यक्षात अर्धी वाट कापायलाच अडीच तास लागले. काटेरी जाळी बाजूला सारायची, पाऊल टाकण्याआधी काठीने जमीन चाचपायची, ठिसूळ मुरमावरून घसरलेला पाय पुन्हा वर घ्यायचा, यात मिनिटे कशी जातात ते कळत नाही.

आमच्यातला एक जण सकाळपासून अखंड बोलत होता. तो गप्प झाला, तेव्हा दम राखण्यासाठी गप्प असेल, असे मी समजलो. पुढच्या थांब्यावर मी सहज त्याच्या हातांकडे पाहिले. तो बाटलीचे झाकण उलट्या बाजूने फिरवत होता. ते घट्ट होत चालले होते आणि तरीही तो शांतपणे फिरवत होता. "अरे, आज वार कोणता?" असे विचारल्यावर तो हसला आणि उत्तर द्यायला त्याला फार वेळ लागला. त्याचा शर्ट घामाने चिंब होता, हे मुद्दाम सांगतो. कारण उष्माघातात घाम थांबतोच असा समज रूढ आहे. श्रमाने येणाऱ्या उष्माघातात घाम चालू राहू शकतो. शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेले असू शकते आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा अशी बुद्धीच्या गोंधळात दिसते. अशा वेळी आधी माणसाला थंड करायचे आणि मग हलवायचे: सावली, कपडे सैल, अंगभर पाणी आणि सतत वारा घालणे. त्याच वेळी दुसऱ्याने मदतीसाठी संपर्क साधायचा. माणूस पुरता भानावर नसेल, तर त्याला पाणी पाजू नये. आम्ही पिण्याचे पाणी त्याच्या मानेवर आणि छातीवर ओतले व टोप्यांनी वारा घातला. तो भानावर आला, हे आमचे नशीब.

आता पाण्याविषयी. अशा चढणीवर तासाला एक लिटर किंवा त्याहूनही जास्त घाम जाऊ शकतो. अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोटाघोटाने तासाभरात पोटात जावे, इतके बहुतेकांना पुरते. मात्र नुसते पाणी सपाटून पिणेही धोक्याचे असते, कारण त्याने रक्तातले सोडियम पातळ होते, आणि तेव्हाही डोके दुखते, मळमळते, गोंधळ उडतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याचे माप सोबत असू द्यावे. निम्मे पाणी संपले की शिखर दिसत असले तरी मागे फिरावे.

बाकी चढण्याच्या रीतीतल्या दोनच गोष्टी सांगतो. गवताचा आधार घ्यायचाच तर शेंड्याला न धरता जमिनीलगत बुंध्याशी धरावा; वाळल्या फांदीवर भार टाकू नये. आणि वाट हरवली की पाण्याने कोरलेली मोकळी घळ उतरायला सोपी वाटते, तिच्या मोहात पडू नये. ती बरेचदा कड्याच्या तोंडाशी जाऊन संपते. आल्या वाटेनेच परतावे. त्यासाठी चढतानाच अधूनमधून वळून मागचा देखावा पाहून ठेवावा.

आम्हीही तसेच परतलो. झाडी संपून मोकळ्या सोंडेवर आलो, वारा लागला आणि थोड्या वेळात मित्राच्या शर्टावर पाठभर मिठाचे पांढरे वेढे उमटले. तो खडकावर बसला आणि वर बघत म्हणाला, "किती राहिलं होतं रे?" किती मीटर राहिले होते ते माझ्या तोंडावर होते, पण मी सांगितले नाही.

"अजून तीन तास," मी म्हणालो.